लिओपोल्डमधली ती काही मिनिटं

२६/११ म्हटलं की आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आधी काय येतं तर ताजच्या घुमटाभोवतीचा धूर आणि सीएसटीवरचा कसाबचा तो फोटो, पाठीला सॅक आणि हातात एके-४७. मग करकरे, कामटे, साळसकर, मग तुकाराम ओंबळे, मग नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून दोरीने उतरणारे कमांडो. या सगळ्यात कुलाब्याचं लिओपोल्ड कॅफे मधल्यामध्ये राहून जातं. एक ओळ येते, "लिओपोल्डमध्येही गोळीबार झाला", आणि पुढे ताज सुरू. त्याचं कारणही तसं सरळ आहे, ताज साठेक तास चाललं आणि टीव्हीवर लाइव्ह दिसत राहिलं, लिओपोल्डचं सगळं काही मिनिटांत उरकलं होतं, कॅमेरे येईपर्यंत तिथे दाखवायला फरशीवरचं रक्त आणि उलटी पडलेली टेबलं एवढंच होतं.

ताजच्या कर्मचाऱ्यांनी पाहुण्यांना कसं वाचवलं यावर हार्वर्ड बिझनेस स्कूलने केस स्टडी केली, ती जगभर शिकवतात, आणि ती माणसं त्या मानाची आहेतच. पण माझं काम छोट्या हॉटेलांमध्ये आहे, म्हणजे आपण ज्याला हॉटेल म्हणतो ते, चहा-नाश्ता, राईस प्लेट, फार तर वर एक फॅमिली रूम. तिथल्या स्टाफला आग लागली तर काय, सिलिंडर लीक झाला तर काय, कोणी टेबलावरच कोसळलं तर काय, असं ट्रेनिंग मी देते. या लोकांना ताजची गोष्ट सांगितली की ती भारावून ऐकतात आणि मग म्हणतात, मॅडम ते ताज आहे. बरोबरच आहे त्यांचं. यांच्याकडे ना सिक्युरिटी ऑफिसर, ना सहाशे खोल्या, ना आतून बंद करता येतील असे हॉल. त्यांना लागू पडणारं प्रकरण लिओपोल्डचं आहे, म्हणून ते नीट मांडून बघते.

आधी जागा कशी आहे ते बघू, कारण निम्मं उत्तर तिथेच आहे. कुलाबा कॉझवे, म्हणजे शहीद भगतसिंग मार्ग, रिगल सिनेमाच्या सर्कलकडून आत आलात की फुटपाथवर कानातली, चष्मे, कोल्हापुरी, पितळी होकायंत्रं विकणारे, त्यांच्या मागे दुकानं, आणि त्यात हे कोपऱ्यावरचं इराण्याचं हॉटेल. १८७१ पासूनचं आहे, सुरुवातीला खाण्याच्या तेलाचा घाऊक धंदा होता, मग कधी दुकान, कधी औषधाचं दुकान, कधी हॉटेल, म्हणून नावात अजूनही 'कॅफे अँड स्टोअर्स' आहे. इराण्यांची हॉटेलं बहुतेक कोपऱ्यावर का, तर जुन्या काळी आपल्याकडचे व्यापारी कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून घ्यायचे नाहीत आणि इराण्यांनी ती घेतली, ही गोष्ट मुंबईत सगळे सांगतात. कोपरा म्हणजे दोन बाजूंनी उघडं, वारा खेळता, रस्त्यावरून आतलं दिसतं आणि आतून रस्ता दिसतो. आत उंच छत, पंखे, जुन्या जाहिराती, खांब, जवळजवळ लावलेली टेबलं, वर एक छोटा मजला. परदेशी बॅकपॅकर, कॉलेजची पोरं, ऑफिस सुटल्यावर बिअर प्यायला आलेली फोर्टमधली माणसं, सगळी एकमेकांच्या कोपराला कोपर लावून बसलेली.

आता हे असं उघडं असणं हाच त्या जागेचा जीव आहे आणि त्या रात्री तेच अंगावर आलं. ताजला पोहोचायला लॉबी ओलांडावी लागते, दार आहे, दरवान आहे. लिओपोल्डला फुटपाथ आणि टेबल यांच्यात एक पायरी. आणि कुलाब्यात खांद्याला मोठी सॅक लावलेली दोन तरुण पोरं कोणाच्या नजरेत भरणार आहेत सांगा ना, तिथे येणारा दर दुसरा माणूस तसाच दिसतो.

ती दोन पोरं दहा जणांपैकी होती. 'कुबेर' नावाची गुजरातची मच्छीमार बोट पळवून, तिच्या तांडेलाला, म्हणजे कप्तानाला, मारून, शेवटचा टप्पा रबरी बोटीतून करून ते कफ परेडच्या बधवार पार्कजवळच्या मच्छीमार नगरला उतरले होते. तिथल्या कोळी माणसांना ही पोरं खटकली होती, कोण रे तुम्ही असं विचारलंही होतं, आणि तुमचं तुम्ही बघा अशा थाटात उत्तर मिळालं. समुद्रावरच्या माणसाला अनोळखी बोट लगेच कळते. पण पुढे ती माहिती चालवायची यंत्रणाच नव्हती. दोघा-दोघांच्या जोड्या टॅक्सीने पांगल्या, वाटेत दोन टॅक्सींमध्ये बॉम्ब सोडले, ते नंतर एक विलेपार्ल्याला आणि एक माझगावला वाडीबंदरजवळ फुटला. जागा आधीच हेरून ठेवलेल्या होत्या, डेव्हिड हेडली ताडदेवला इमिग्रेशनचं ऑफिस थाटून मुंबईत वावरत होता, त्याने अमेरिकेत २०१० मध्ये गुन्हा कबूल केला आणि २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे ज्या टेबलावर बसून आपण चहा पितो तिथे बसून कोणीतरी दारं मोजून गेलं होतं. हे मला नेहमी अंगावर येतं, कारण आपण त्याच हॉटेलात रोज येतो आणि आपल्याला मागचं दार कुठे आहे ते माहीत नसतं.

बुधवार होता, २६ नोव्हेंबर २००८. कटकला भारत-इंग्लंड वनडे होती, आपण जिंकलो, शहराचा मूड मस्त होता. (त्या मालिकेच्या उरलेल्या दोन वनडे नंतर झाल्याच नाहीत.) रात्रीचे साडेनऊ वाजून गेले असतील, कॅफे भरलेलं. फुटपाथवरून आधी ग्रेनेड आत आला, मग दोन एके-४७. एका मॅगझिनमध्ये ३० गोळ्या आणि एकाची संपली की दुसऱ्याची सुरू. टेबलं इतकी जवळ की नेम धरायची गरजच नव्हती. किमान दहा माणसं गेली, त्यात परदेशी पाहुणे होते आणि तिथे काम करणारे दोघेही होते, आणि पंचवीसहून जास्त जखमी. आणि मग ते दोघं निघाले आणि मागच्या गल्ल्यांमधून ताजकडे चालत गेले, तिथे दुसऱ्या जोडीला मिळाले, आणि तिथून पुढचं सगळ्या जगाने पाहिलं.

कुलाबा पोलीस स्टेशन तिथून हाकेच्या अंतरावर आहे. हे वाक्य वाचलं की लोक लगेच पोलिसांवर तुटून पडतात, मी नाही तुटणार. पोलीस आले, पण ते येईपर्यंत मारेकरी पुढच्या ठिकाणी होते, आणि त्यांच्या मागे धावत गेलेल्या पोलिसांच्या हातात काय होतं तर पिस्तुलं, जुन्या थ्री नॉट थ्री रायफली, काहींच्या हातात काठी. झोन एकचे तेव्हाचे डीसीपी विश्वास नांगरे पाटील मोजकी माणसं घेऊन ताजमध्ये शिरले, ते काही लपून राहिलेलं नाही. नंतर राज्य सरकारने राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली, त्या समितीने वरिष्ठ पातळीवरच्या त्रुटी दाखवल्या, सरावासाठी गोळ्या पुरेशा नव्हत्या हेही पुढे आलं. ते सगळं बोलायलाच हवं. पण लिओपोल्डपुरतं बोलायचं तर पोलीस स्टेशन शेजारी असून, अगदी भिंतीला भिंत लावून असतं तरी, त्या काही मिनिटांत आतल्या माणसांना फार फरक पडला नसता. त्या मिनिटांत तिथे फक्त गिऱ्हाईक, वेटर, गल्ल्यावरचा माणूस आणि किचनमधली पोरं होती, आणि जे काही वाचलं ते त्यांच्याच हातून. हे या प्रकरणातलं मुख्य आहे असं मला वाटतं आणि पुढचं सगळं त्याच्याबद्दलच आहे.

पहिली गोष्ट आवाजाची. वाचलेल्या लोकांच्या मुलाखतींमध्ये एकच वाक्य परत परत येतं, आम्हाला फटाके वाटले. महिन्याभरापूर्वी दिवाळी झालेली, लग्नसराई तोंडावर, मुंबईत रात्री साडेनऊला धडधडधड ऐकू आलं तर माणूस आणखी काय समजणार. मेंदू आधी ओळखीचंच उत्तर काढतो, त्यात मूर्खपणा काही नाही. आणि नंतर बातम्यांमध्ये बराच वेळ काय चाललं होतं, तर गँगवॉर. कुलाब्यात दोन टोळ्यांची मारामारी. म्हणजे चॅनेलवाल्यांच्या मेंदूनेही तेच केलं, मुंबईला गँगवॉर ओळखीचं होतं. या ओळखीच्या उत्तरात जे दोन-चार सेकंद जातात ते फार महाग पडतात. म्हणून ट्रेनिंगमध्ये मी मोबाईलवरून दोन्ही आवाज ऐकवते, डोळे मिटायला सांगते, आणि निम्मे लोक चुकतात, मग मी सांगते की ओळखायचं नाहीच आहे, कसला आवाज ते ठरवत बसू नका, आवाज आणि किंकाळी एकत्र आली की खाली वाका आणि दाराकडे निघा, फटाके निघाले तर हसून परत येऊ.

दुसरी गोष्ट आडोशाची. टेबलाखाली जाणं ही आपली पहिली उडी असते, भूकंपाच्या ड्रिलमध्ये शाळेत तेच शिकवलेलं. पण नजरेआड होणं वेगळं आणि गोळीआड होणं वेगळं. एके-४७ ची गोळी लाकडी टेबल, प्लायचं पार्टिशन, फ्रीजचा पत्रा, हे सगळं भेदून जाते. खांब, बीम, जाड विटांची भिंत, किचनच्या ओट्यामागची काँक्रीट, हे त्यातल्या त्यात बरं. तरी टेबलाखालचा माणूस वाचतो तो बहुतेक न दिसल्यामुळे वाचतो, त्यामुळे ते चूक आहे असंही नाही, पण दार जवळ असेल तर टेबल नको. अमेरिकेत ह्यूस्टन शहराने २०१२ मध्ये पळा-लपा-लढा असा क्रम लोकांना शिकवायला सुरुवात केली, ब्रिटनमध्ये पळा-लपा-कळवा असा आहे. दोन्हीकडे पहिलं पळाच आहे.

आणि पळायला दार लागतं. इथे मला दुसऱ्या एका कॅफेचं सांगायलाच हवं. ऑस्ट्रेलियात टास्मानिया बेटावर पोर्ट आर्थर म्हणून जुन्या तुरुंगाचे अवशेष आहेत, तिथे ब्रॉड अ‍ॅरो नावाचं कॅफे होतं, २८ एप्रिल १९९६ ला, रविवारी दुपारी, एका माणसाने जेवण संपवलं, बॅगेतून रायफल काढली आणि कॅफे आणि त्याला लागून असलेलं गिफ्ट शॉप मिळून दोनेक मिनिटांत २० माणसं मारली, त्या दिवशी एकूण ३५. तिथे मागच्या बाजूला एक दार होतं, लोक तिथपर्यंत पोहोचले आणि ते दार उघडलं नाही. ऑस्ट्रेलियाने त्यानंतर बाराव्या दिवशी बंदुकीचे कायदे बदलायचं ठरवलं, साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका लोकांकडून परत विकत घेतल्या, ही फार मोठी गोष्ट आहे आणि जगभर तिचीच चर्चा होते. मी मात्र त्या दारापाशी अडकते. कायदा सरकार बदलतं, दार उघडं ठेवायला सरकार लागत नाही.

आता जखमींकडे येते, कारण माझ्या मते लिओपोल्डच्या प्रकरणात सगळ्यात कमी बोललं गेलेलं हेच आहे. हातापायाची मोठी रक्तवाहिनी फुटली तर माणूस पाच मिनिटांच्या आत जाऊ शकतो. पाच मिनिटांत अँब्युलन्स कुठेच पोहोचत नाही, कुलाब्यात तर नाहीच, आणि २००८ मध्ये आपल्याकडे सरकारी १०८ होतीच कुठे, ती महाराष्ट्रात आली २०१४ मध्ये. तेव्हा टॅक्सी, कोणाची तरी गाडी, आणि उचलून न्यायला चार हात, हीच व्यवस्था.

आणि न्यायचं कुठे ते नकाशावर बघा जरा. कुलाब्याहून जवळची मोठी सरकारी हॉस्पिटलं म्हणजे सेंट जॉर्जेस आणि जीटी. सेंट जॉर्जेस सीएसटीला चिकटून आहे, जीटी मेट्रो सिनेमाच्या बाजूला. म्हणजे कुलाब्यातून जखमी माणूस मांडीवर घेऊन निघालेली टॅक्सी ज्या दिशेला जाणार त्याच दिशेला कसाब आणि त्याचा जोडीदार इस्माईल सीएसटीवर पन्नासच्या वर माणसं मारून बाहेर पडलेले, मग कामा हॉस्पिटलमध्ये शिरलेले, मग त्या हॉस्पिटलच्या बाजूच्या गल्लीत करकरे, कामटे, साळसकर यांच्यावर गोळ्या झाडून पोलिसांचीच गाडी घेऊन मेट्रोच्या चौकात गोळीबार करत निघालेले. टॅक्सीवाल्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्या रात्री रस्त्यावर गाडी काढलेल्या त्या टॅक्सीवाल्यांबद्दल फारसं कोणी बोलत नाही, पण जे जखमी हॉस्पिटलपर्यंत पोहोचले त्यातले कितीतरी यांच्यामुळे.

आपल्याकडे अजूनही जखमीला हात लावायला लोक बिचकतात, पोलीस मागे लागतील, कोर्टात खेटे घालावे लागतील. तर दोन गोष्टी सगळ्यांना माहीत असाव्यात. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की कुठलाही डॉक्टर, सरकारी असो की खाजगी, त्याने आधी जीव वाचवायचा, कागदपत्रं नंतर. आणि २०१६ मध्ये अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांना त्रास देऊ नये यासाठीच्या मार्गदर्शक सूचनांना सुप्रीम कोर्टाने बळ दिलं, त्या रस्ते अपघातासाठी आहेत पण लोकांच्या मनातली भीती एकच असते, ती कमी व्हायला त्याने मदत होते.

करायचं काय, तर अगदी साधं. जिथून रक्त उसळतंय तिथे कापड ठेवायचं आणि दोन्ही तळव्यांनी, कोपर सरळ ठेवून, अंगाचा सगळा भार टाकून दाबायचं, आणि दाब सोडून सारखं सारखं बघायचं नाही. हॉटेलात कापडाला तोटा नसतो, खांद्यावरचा नॅपकिन, टेबलक्लॉथ, एप्रन. हात किंवा पाय असेल आणि दाबून थांबत नसेल तर जखमेच्या चार बोटं वर, सांध्यावर नाही, रुंद पट्टा बांधून चमच्याने किंवा बेलन असेल तर बेलनाने पिळायचा, रक्त थांबेपर्यंत, आणि किती वाजता बांधला ते कपाळावर पेनाने लिहायचं. मांडीचा सांधा किंवा खांद्याचा खळगा असेल तर तिथे पट्टा बसत नाही, तिथे कापड आत कोंबून दाबून धरायचं. छातीत, पोटात कोंबायचं नाही. बस्स. मी हे वेटर पोरांना शिकवते तेव्हा ती माझ्यापेक्षा भराभर शिकतात, हातात ताकद असते आणि रक्ताची किळस नसते, मटण कापणाऱ्याला तर सांगावंच लागत नाही की धमनी कुठली.

एकदा दादरच्या बाजूला एका उडपी हॉटेलात असंच ट्रेनिंग होतं, दुपारी तीन ते साडेचार, गर्दी नसते तेव्हा. ग्राइंडर बंद, फरशी नुकतीच पुसलेली, वाटणाचा वास. एक वयस्कर वेटर होता, शेट्टींकडे तीस वर्षं. सगळं झाल्यावर म्हणाला, ताई, तिकडे लिओपोल्डमध्ये आपल्यासारखे दोघं गेले ना. मी हो म्हटलं. मग म्हणाला, त्यांची नावं कोणाला ठाऊक आहेत का. मला ठाऊक होती, वाचलेली होती, मी सांगितली. त्याने दोन्ही नावं एकदा पुटपुटली आणि ट्रे उचलून गेला.

त्याच्या त्या प्रश्नाने मी हे प्रकरण परत वाचायला घेतलं. कारण वेटरचं काम असं आहे की गोळीबार झाला तेव्हा तो उभा असतो. बाकी सगळे बसलेले, तो उभा, हातात ट्रे, तोंड गिऱ्हाइकाकडे आणि पाठ रस्त्याकडे. कुठल्याही कॅफेत सगळ्यात उघडा माणूस तोच. आणि मदत करायची वेळ येते तेव्हाही तोच, कारण दार कुठे उघडतं, शटर कसं ओढायचं, मेन स्विच कुठे, वरच्या मजल्यावर किती माणसं आहेत, हे त्यालाच माहीत. १ एप्रिल २००८ पासून केंद्र सरकारची दहशतवादात बळी पडलेल्या नागरिकांसाठी मदतीची योजना आहे, सुरुवातीला ती ३ लाखांची होती, राज्याची वेगळी मदत असते, २०१४ पासून महाराष्ट्रात पीडित नुकसानभरपाई योजनाही आहे. पण जो वाचला आणि चार दिवसांनी त्याच फरशीवर परत ट्रे घेऊन उभा राहिला त्याच्यासाठी योजना नाही. त्याची झोप गेली, फटाका वाजला की हात थरथरतो, ग्लास पडतो, आणि मालक चांगला असला तरी गिऱ्हाईक ओरडतं.

लिओपोल्ड खरंच चार-पाच दिवसांत उघडलं. ताजची कारवाई २९ नोव्हेंबरला सकाळी संपली आणि लगेच इकडे शटर वर गेलं, इतकी गर्दी झाली की सांभाळता येईना. यावर तेव्हाही दोन मतं होती आणि आजही आहेत. काहींना ते फार लवकर वाटलं, माणसं गेली तिथे इतक्यात बिअर कसली पिता. काहींना वाटलं की हेच करायला हवं होतं, ते घाबरवायला आले होते, आम्ही घाबरलो नाही. मला यात 'मुंबई स्पिरिट' वगैरे शब्द आवडत नाही, पोटासाठी कामावर जाणाऱ्या माणसाला स्पिरिट म्हणून शाबासकी दिली की त्याचं दुखणं विचारायचं राहून जातं. पण उघडणं चूक होतं असंही मला वाटत नाही. कॅफे बंद राहिलं असतं तर त्या स्टाफने जायचं कुठे, आणि जिथे आपले दोघं गेले तिथे बाकीच्यांनी एकत्र उभं राहणं यालाही काहीतरी अर्थ आहे. चुकलं ते एवढंच की उघडताना आतल्या माणसांशी बसून बोलायला कोणी प्रशिक्षित माणूस पाठवायला हवा होता, सरकारने, महापालिकेने, कोणीही, आणि तशी पद्धतच आपल्याकडे नव्हती.

भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा त्यांनी तशाच ठेवल्या. जाऊन आले मी मागच्या वर्षी, दुपारची वेळ, फारशी गर्दी नव्हती. भिंतीत एक खड्डा आहे, अंगठा आत जाईल एवढा, कडांचा रंग उडालेला आणि आत विटेची लाल भुकटी दिसते. पर्यटक येतात, फोटो काढतात, वेटर न सांगता बाजूला सरकतो म्हणजे फोटो नीट यावा. फरशीवर ग्रेनेडचा खळगा आहे. मी तो शोधत होते तर शेजारच्या टेबलावरच्या मुलीने पर्स खाली ठेवली, बरोब्बर त्याच्यावर. तिला काही माहीत नव्हतं आणि मीही सांगितलं नाही, मस्त हसत होत्या त्या दोघी-तिघी.

मोठ्या गोष्टी त्यानंतर झाल्या. विलासराव देशमुखांचं मुख्यमंत्रिपद गेलं, आबांचं म्हणजे आर. आर. पाटलांचं राज्याचं गृहमंत्रिपद गेलं, दिल्लीत केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटलांचं पद गेलं. एनआयए ही केंद्राची तपास संस्था आली, फोर्स वन हे राज्य पोलिसांचं कमांडो पथक आलं, एनएसजी कमांडोंचं केंद्र मुंबईत आलं, किनाऱ्यावर पोलीस चौक्या आणि बोटी वाढल्या, शहरभर सीसीटीव्ही लागले. ६ मे २०१० ला न्यायमूर्ती ताहिलियानींच्या कोर्टात कसाबला फाशी सुनावली, २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात ती झाली. हेडलीचा साथीदार तहव्वूर राणा एप्रिल २०२५ मध्ये भारतात आणला गेला. फाइव्ह स्टारच्या दारात बॅग स्कॅनर आले. मधल्या काळात १३ फेब्रुवारी २०१० ला पुण्यात जर्मन बेकरीत बॉम्ब फुटला आणि १७ माणसं गेली, परत एक कॅफे, परत कोपरावर कोपर लावून बसलेली तरुण पोरं. नाक्यावरच्या हॉटेलात स्कॅनर बसवता येत नाही आणि बसवूही नये, इराण्याच्या दारात तपासणी करून आत सोडायला लागले तर ते इराण्याचं राहणार नाही. त्यामुळे तिथे उरतात त्या आतल्या गोष्टी, दार, शटर, कापड, आणि ते वापरता येणारी चार माणसं.

म्हणून प्रकरण असं मांडून झाल्यावर मी माझं ट्रेनिंग बदललं. आधी मी आगीपासून सुरू करायचे, आता सुरुवातीलाच सगळ्यांना उभं करते आणि म्हणते, मागच्या दारातून बाहेर जाऊन पुढच्या दाराने आत या, मी घड्याळ लावते. त्या उडपी हॉटेलात हे केलं तेव्हा मागचं दार उघडलंच नाही. कांद्याची तीन पोती, रिकामे तेलाचे डबे आणि वर एक मोडका मिक्सर. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तो वयस्कर वेटर काही न बोलता पुढे झाला आणि पोती ओढायला लागला, मग बाकीची पोरं आली. मालकांना मी सांगितलं की पोती परत इथे आली नाही पाहिजेत. दोन आठवड्यांनी त्यांनी स्वतःहून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला, दार मोकळं, कडी तेल घातलेली, बाहेर गल्ली दिसतेय. पोती आता जिन्याखाली ठेवलीत. वरच्या फॅमिली रूममधून खाली यायचा तो एकच जिना आहे, तेव्हा मंगळवारी परत जातेय.